बिरोबाच्या बनातले दप्तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा जन्म माणदेशातला. घर मुलाण्याचे. बारा बलुत्यांत ज्याची गणना होते आणि गावजत्रेला ज्याच्या हातून बकरे हलाल होते, तो मुलाणी. आमच्या गावी बिरोबाच्या जत्रेत पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य असे, पुरणपोळीचा. दुसऱ्या दिवशी खारा. त्या दिवशी वडील पहाटेच सुरीला धार लावून धनगरवस्तीवर जात आणि त्यांच्या मागे मी. काम आटोपले की वस्तीवरचे म्हातारबा भंडाऱ्याची चिमूट घेऊन पुढे येत आणि मध्येच थबकत. "मुलाणीमामा, तुमास्नी चालंल न्हवं?" वडील हसत आणि तळहात पुढे करत. घरी आल्यावर तो भंडारा आईच्या हाती जाई. "हळदच की ती," असे म्हणून आई तो मिठा-मसाल्याच्या डब्यात ओती आणि संध्याकाळच्या कालवणात टाकी. बिरोबाचा प्रसाद आमच्या घरी असा पोटात जात असे.

त्याच रात्री ओव्या होत. ढोल आणि कैताळ शांत झाले की माणसे घोंगड्या पसरून बसत. दोघे-तिघे गात, मग एकजण गायलेले गद्यात उलगडून सांगे, पुन्हा गाणे, पुन्हा सांगणे. चांदणी मावळेपर्यंत हे चाले. गाणाऱ्यांपैकी एकालाही सही करता येत नव्हती. "तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता?" असे लोक मला विचारतात, तेव्हा त्या घोंगडीवरची ऊब मला आठवते. मराठी कवितेची माझी पहिली शाळा ती होती. मला पडलेला प्रश्न मात्र वेगळा आहे. ज्यांच्याकडे पोथी नाही, बखर नाही, सातबाऱ्यावर धड नाव नाही, त्या लोकांनी आपण कोण आहोत हे इतकी शतके कसे लक्षात ठेवले?

आधी मुलूख पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. माण, खटाव, सांगली जिल्ह्यातले आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पर्जन्यछायेतला पट्टा. नांगरापेक्षा मेंढराला मानवणारी ही जमीन. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली आणि या माळावरचा धनगर शहरी वाचकाला प्रथमच जवळून दिसला. दिवाळीच्या सुमारास मेंढके वाडा हलवतात. घोड्यांवर बिऱ्हाड, कोकरे, कोंबड्या आणि लहान मुले लादून ते पाण्याच्या मुलखाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. वर्षातले सात-आठ महिने वाटेवर काढणाऱ्याला गाव असून नसल्यासारखे. त्याचे कायमचे ठिकाण एकच असते, ते देवाचे.

कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडी आहे. तिथल्या ठाण्याला लोक देऊळ म्हणण्याआधी बन म्हणतात, बिरोबाचे बन. उघड्या माळावर ही झाडी टिकली, कारण देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हा दंडक होता. यात्रेला भंडाऱ्याने सगळे पिवळे होते, लोकर उधळली जाते, गजाचे ढोल घुमतात आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" हा घोष उठतो. पण बाहेरच्या माणसाला जी नुसती गर्दी वाटते, ते वर्षभर पांगलेल्या लोकांचे एकत्र येणे असते. सोयरिकी इथे ठरतात, भांडणे इथे मिटतात, कोणाची मेंढरे कुठल्या रोगाने गेली आणि कुठल्या वाटेवर पाणी आटले, ही खबर इथे मिळते.

ओवीत काय असते? बिरोबाची आई सुरवंती, रानात टाकलेले लेकरू, त्याचा सांभाळ, बहीण मायाक्का. मेंढरे वारुळातून कशी बाहेर आली, ही कथाही त्यांच्याकडे आहे. मायाक्काचे ठाणे चिंचलीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात. माघातल्या यात्रेला सांगली भागातून लोक अजून बैलगाड्या जुंपून जातात. मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला महालिंगराया. तो बिरोबाचा शिष्य, म्हणून दिवाळीत गुरू-शिष्यांच्या पालख्यांची भेट होते. कन्नड मुलखातले कुरुब याच देवाला बीरप्पा म्हणतात. आता ही देवांची नाती नकाशावर मांडून पाहा. भाऊ इकडे, बहीण तिकडे, चेला पलीकडे. हा कळपांच्या वाटांचा आणि एका विस्तीर्ण भावकीचा नकाशा होतो. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि मध्ये सीमा आली. देवांच्या नात्याला ती सीमा ठाऊक नाही, आणि म्हणून माणसांच्या नात्यालाही नाही.

हे दप्तर वाचायला पहिले विद्वान बाहेरूनच आले असे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत, धनगरांच्या देवांची ठाणी पाहत हिंडले. आजच्या यात्रांच्या वाटांखाली गुराख्या-मेंढक्यांच्या फार जुन्या वाटा आहेत, असे त्यांनी १९६२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडले. त्यानंतर गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक आले. मूळचे कायद्याचे विद्यार्थी. मराठी शिकले, वाड्यांवर राहिले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. १९९२ साली ते वारले, पण त्यांनी जमवलेल्या सामग्रीतून बिरोबा आणि धुळोबा यांच्या ओवीकथा २०१४ साली इंग्रजीतून पुस्तकरूपाने आल्या. आपल्या रा. चिं. ढेऱ्यांनी तर 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचे मूळच गवळी-धनगरांच्या देवात शोधले. ज्यांना आपण अडाणी म्हटले, त्यांचे उपकार आपल्या देव्हाऱ्यावर निघाले!

श्रद्धा नुसते गाणे टिकवत नाही, धंदाही टिकवते. बिरोबापुढे घोंगडी लागते. ती सणगर किंवा खुटेकर विणणार, हटकराच्या मेंढराची लोकर घेणार, चिंचोक्याची खळ देणार. एका घोंगडीत तीन घरांचे काम गुंतलेले. बाजारात गिरणीची स्वस्त चादर आली, तरी लग्नात आणि जागरात घोंगडीच हवी या रिवाजाने काही माग तरी चालू ठेवले. दुसरे उदाहरण बाळूमामांचे. अक्कोळला १८९२ साली जन्मलेले हे मेंढके संत १९६६ साली आदमापूरला वारले. त्यांची मेंढरे मात्र आजही देवाची म्हणून रानोमाळ फिरतात. एरवी मेंढरू पिकात शिरले की काठी घेऊन धावणारा शेतकरी बाळूमामांचा कळप रानात बसावा म्हणून वाट पाहतो. चराऊ कुरणे आक्रसली, कालवे-ऊस आले, वाटा बंद झाल्या. तरी मेंढपाळाला मान देण्याची रीत या श्रद्धेने जिवंत ठेवली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, युरोपच्या अगदी उत्तरेला, सामी नावाचे रेनडिअर पाळणारे लोक आहेत. त्यांचा पुजारी ढोल वाजवी आणि त्या ढोलाच्या कातड्यावर त्यांचे देव नि त्यांचे जग चितारलेले असे. ख्रिस्ती राजसत्तांनी हे ढोल चेटकाची हत्यारे ठरवून जप्त केले, कित्येक जाळले. अँडर्स पॉल्सेन नावाच्या सामीकडून १६९१ साली हिसकावलेला ढोल डेन्मार्कच्या संग्रहात गेला. तो नॉर्वेतल्या सामी संग्रहालयाला कायमचा परत मिळायला २०२२ साल उजाडले. एका ढोलासाठी तीनशे तीस वर्षे! आपल्या ढोलांना कोणी जप्त केले नाही, हे आपले भाग्य. पण न जप्त करताही वस्तू हरवते, हे आपण विसरतो.

आता दुसरी बाजू. मी साताऱ्याकडचा माणूस. त्याच साताऱ्याने डॉ. नरेंद्र दाभोलकर दिले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास भाविक गेले. नवसापायी कर्जबाजारी झालेली आणि दवाखान्याऐवजी भगताकडे नेलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. त्यामुळे जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. पण भगताचा धाक वेगळा आणि म्हातारबांची ओवी वेगळी. धाक माणसाला एकटे पाडतो. ओवी त्याला त्याचे गणगोत सांगते. चाळण लावायची ती इथे.

ओळखीचा प्रश्न आज कचेरीतही जाऊन बसला आहे. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या 'क' गटात, साडेतीन टक्के आरक्षणात मोडतो. अनुसूचित जमातींच्या यादीतला 'धनगड' हा शब्द म्हणजे आम्हीच, असे त्याच्या संघटनांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या याचिका फेटाळल्या. आदिवासी संघटनांचाही या मागणीला विरोध आहे आणि त्यांचीही बाजू आहे. न्याय कोणाचा, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते, की रात्रभराची ओवी ज्यांचे कूळ-मूळ सांगते, त्यांची फाइल 'र' आणि 'ड' या दोन अक्षरांत अडकून पडली आहे.

आणि ओवी? ती थकत चालली आहे. जत्रेत आता मोठे ध्वनिवर्धक असतात. देवळे सिमेंटची झाली, भिंतीवर रंगीत चित्रे आली, आणि सुरवंतीच्या कथेऐवजी छापील पुस्तिकेतली सोवळी कथा वाटली जाते. देव तोच राहतो, नाव तेच राहते, फक्त आठवण बदलते. परंपरा लोकांच्या तोंडी असते तोवर त्यांची असते. दुसऱ्याने छापून दिलेली परंपरा टिकली, तरी ओळख टिकतेच असे नाही. आम्हा मुसलमानांनाही हे समजते. कडेगावच्या मोहरममध्ये आभाळाला टेकणारे ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. "हे तुमच्या धर्मात बसत नाही," असे सांगणारे शहाणे तिथेही येतातच. माणदेशचा मुसलमान म्हणजे नेमका कोण, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या ताबुतांनी आणि आईच्या हळदीने जास्त शिकवले.

मध्यंतरी गावी जत्रेला गेलो होतो. म्हातारबा कधीच गेले. त्यांचा नातू पुण्यात नोकरी करतो. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "चाचा, आज्जा गायचा ती ओवी तुमाला येती म्हणं. सांगा की, रेकॉर्ड करतो." धनगराच्या नातवाने मुलाण्याच्या पोराकडे आपल्या देवाची गोष्ट मागावी, याचा आनंद मानावा की खंत, मला कळेना. आठवले तेवढे सांगितले. लेकरू रानात टाकले, तिथवर आलो आणि अडकलो. पुढचे कडवे काही केल्या येईना.

तेव्हा मागे चुलीपाशी बसलेल्या एका म्हातारीने तिथून पुढे उचलले. मान खाली, हात भाकरीच्या पिठात, आणि आवाज अगदी हलका. आमच्या गावात बाया ओवी गात नसत, कडेला बसून नुसत्या ऐकत. तिनेही आयुष्यात हे कधी चारचौघांत गायले नव्हते. पण तिला सगळे येत होते. नातवाने मोबाइल तिच्याकडे वळवला.