तिघऱ्याचा लोंढा मांडायचा कसा

आमच्या ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत आज तिघऱ्याचं पाणी पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की सांक नदीवरचं हे धरण पहिल्यांदा बांधलं तेव्हा फार काळ टिकलं नव्हतं. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, 1916 साली ते पुरं झालं. अभियंते विश्वेश्वरय्यांनी 1903 साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे पुढे इथेही आले. पण घात केला तो पायानं. वालुकाश्मात पाणी मुरलं आणि 19 ऑगस्ट 1917 ला धरण गेलं.

हायड्रॉलिक्स शिकवण्यात माझी उमर गेली. असा फुटलेल्या धरणाचा लोंढा मांडायचा म्हटलं की हल्लीची पोरं लॅपटॉप उघडूनच विचारतात, ‘सर, लाटेसाठी कुठली पद्धत घेऊ?’ मी म्हणतो, आधी खडू घे.

कारण या विद्येची सुरुवात कागदावरच झाली. सेंट-व्हेनाँनं 1871 साली उथळ प्रवाहाची समीकरणं मांडली. 1892 साली रिटरनं त्यांतून फुटलेल्या धरणाचं उत्तर काढलं: कोरड्या, सपाट, घर्षण नसलेल्या तळावर भिंतीच्या जागी मूळ खोलीच्या चार-नवमांश पाणी उरतं. मागे 20 मीटर पाणी धरा. भिंतीपाशी जवळजवळ 9 मीटर, आणि लोंढ्याचं टोक सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर! खरी नदी खडबडीत असते, तिथे टोक बरंच मंदावतं. पण धास्ती बसायला एवढं पुरे.

संगणक आल्यावर 1965 साली हार्लो आणि वेल्च यांनी पाण्याचा मोकळा पृष्ठभाग जाळीवर खुणेच्या कणांनी पकडला. हर्ट आणि निकोल्स यांची 1981 सालची व्हीओएफ (व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड) पद्धत जाळीच्या प्रत्येक घरात पाणी किती भरलंय एवढाच हिशेब ठेवते. मोनॅगननं 1994 साली जाळीच टाकून दिली आणि एसपीएचच्या (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्सच्या) कणांनी लाट फोडून दाखवली. गंमत म्हणजे बांध काढताच कोसळणारा पाण्याचा स्तंभ हीच या पद्धतींची नेहमीची परीक्षा. मार्टिन आणि मॉइस यांचा 1952 चा प्रयोग अजून त्यासाठी वापरतात.

मग नव्यातलं नवं का घेऊ नये? हिशेब करा. 20 किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, 40 मीटर उंच दरी एकेक मीटरच्या घरांत बसवली तर 80 कोटी घरं होतात. उथळ पाण्याच्या समीकरणांना उभी घरं लागतच नाहीत. 10 मीटरच्या चौकोनांत तीच दरी 2 लाखांत आटोपते. गावात पाणी किती वाजता, किती चढलं, हे त्यातून कळतं. लाट भिंतीवर आपटून उलटी कोसळते तिथे मात्र ही समीकरणं लंगडी पडतात. खोलीभर एकच वेग धरला की उसळी दिसणार कशी?

संगणकाखेरीज दुसरी वाटही आहे. खडकवासल्याचं जलसंशोधन केंद्रही तिघऱ्याच्याच सालचं, 1916 चं. तिथे लाटांची खरी, पाण्याची प्रतिमानं बांधतात आणि गणिती प्रतिमानंही चालवतात. असा लोंढा त्या परिसरानं प्रत्यक्षही पाहिलाय: 12 जुलै 1961 ला फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी खडकवासल्याचं धरण फोडूनच पुण्यात शिरलं होतं.

माझं मत विचाराल तर तिघऱ्याच्या दरीला उथळ पाण्याची समीकरणं, फुटलेल्या भिंतीपाशी हवं तर व्हीओएफ, आणि एसपीएच फक्त हौसेला. मात्र 1917 च्या पाण्याची उंची सांगणारी एखादी जुनी नोंद कुणाच्या घरच्या दप्तरात असेल, तर ती आधी द्या; पडताळ्याशिवाय यातलं एकही उत्तर मी मान्य करणार नाही.