पर्जन्यबागेचा प्रशासकीय इतिहास

पावसाच्या पाण्याविषयी नगर अभियांत्रिकीचे जुने सूत्र एका वाक्यात सांगता येते : पडलेले पाणी लवकरात लवकर गटारात घालावे आणि वस्तीबाहेर काढावे. हे सूत्र बदलण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील एका परगण्याच्या कार्यालयात झाला. त्याचा इतिहास आपल्यालाही उपयोगी आहे, असे मला वाटते.

1987 साली अमेरिकेच्या संसदेने स्वच्छ जल कायद्यात दुरुस्ती करून शहरांतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यालाही परवान्याच्या कक्षेत आणले. रस्त्यांवरचे तेल आणि हिरवळीवरची खते या पाण्याबरोबर नद्यांत उतरत होती. वॉशिंग्टनला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्याचे पाणी चेसापीक उपसागराला मिळते. यावर रूढ उपाय म्हणजे वसाहतीच्या टोकाला एक मोठे तळे खोदणे. 1990 च्या सुमारास डिक ब्रिंकर या बांधकाम व्यावसायिकाने वेगळी कल्पना मांडली : तळ्याऐवजी प्रत्येक घरापुढे पाणी मुरवणारी बाग का नसावी? परगण्याच्या पर्यावरण विभागातील अधिकारी लॅरी कॉफमन यांनी ती उचलून धरली. सॉमरसेट ही वसाहत त्यातून उभी राहिली.

अशा बागेची रचना साधी असते. छपराचे व अंगणाचे पाणी उताराने येईल अशा जागी, घराच्या पायापासून सुमारे दहा फूट दूर, वीतभर खोल पसरट खळगा करतात. त्यात वाळूमिश्रित माती भरतात. ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावतात. आपल्याकडे वाळा किंवा कर्दळ चालेल. जादा पाण्याला बाहेर पडण्याची वाट ठेवतात. साचलेले पाणी एकदोन दिवसांत मुरले पाहिजे, म्हणजे डासांची पैदास होत नाही. आपल्या मोसमी पावसात जादा पाण्याची वाट अधिक मोठी हवी, एवढाच फरक.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खर्चाचा आकडा महत्त्वाचा वाटतो. सॉमरसेटमध्ये रूढ गटारव्यवस्थेस सुमारे 4 लाख डॉलर लागले असते. बागा व हिरवे चर यांवर सुमारे 1 लाखात काम झाले. नेहमीच्या पावसात वाहून जाणारे पाणी 75 ते 80 टक्क्यांनी घटल्याची नोंद पुढील मोजणीत झाली. 1993 मध्ये परगण्याने या पद्धतीची मार्गदर्शिका काढली आणि एका वसाहतीतला प्रयोग इतरांना अनुसरता येईल असा नियम बनला.

आपल्याकडेही नियम झाले. दिल्लीत 2001 मध्ये, तमिळनाडूत 2003 मध्ये पर्जन्यसंधारण सक्तीचे झाले. परंतु परवानगीच्या वेळी खड्डा तपासला जातो. पाच वर्षांनी तो गाळाने भरला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. जमिनीखालचा खड्डा बंद पडला तर कोणाच्या लक्षात येत नाही. बाग दुर्लक्षिली गेली की शेजाऱ्यालाही दिसते. देखरेखीसाठी स्वतंत्र निरीक्षक नेमणे ज्या व्यवस्थेला परवडत नाही, तिच्यासाठी हे दिसणे हीच मोठी सोय आहे.

घरापासून दूर, सरकारी वसाहतींत किंवा सहकारी संस्थांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या संस्थेच्या पुढील सभेत एवढेच विचारावे : आपला खड्डा शेवटचा कधी साफ झाला, आणि त्याजागी बाग करता येईल का?