मोटारगाडीतील शक्तिसाहाय्यित सुकाणू व वातानुकूलन

मोटारगाडीची पुढची चाके वळविताना चालकाच्या हातांना एंजिनाच्या शक्तीची जोड देणाऱ्या यंत्रणेस शक्तिसाहाय्यित सुकाणू किंवा पॉवर स्टीअरिंग म्हणतात. गाडीतील हवेचे तापमान व आर्द्रता कमी करणाऱ्या यंत्रणेस मोटारगाडीचे वातानुकूलन म्हणतात. या दोन सोयींचा परस्परांशी वरकरणी काही संबंध दिसत नाही. तथापि पहिलीतील तेलाचा पंप व दुसरीतील संपीडक (काँप्रेसर) ही दोन्ही यंत्रे अनेक दशके एंजिनाच्या भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) पुढच्या टोकावरील कप्पीवरूनच पट्ट्याने फिरविली जात असत. त्याच जागी पाण्याचा पंप, पंखा व वीज निर्माण करणारे जनित्र यांनाही गती द्यावी लागते. त्यामुळे या दोन सोयींचा इतिहास हा बऱ्याच अंशी एंजिनापुढील अरुंद जागेच्या व एंजिनाच्या शक्तीच्या वाटपाचा इतिहास आहे. जुन्या अभिजात मोटारगाडीत या दोन्ही यंत्रणा नव्याने बसवू पाहणाऱ्यास तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.

सुकाणूचा इतिहास : सुकाणू फिरविण्यास बाह्य शक्तीची मदत घेण्याची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. १९०३ मध्ये कोलंबिया या ५ टनी मालमोटारीत त्यासाठी स्वतंत्र विद्युत् चलित्र वापरण्यात आले होते. १९२० नंतर हवेचा दाब कमी असलेले रुंद बलून टायर प्रचारात आले. त्यांमुळे प्रवास सुखाचा झाला. पण टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श वाढल्याने उभी गाडी वळविणे अधिक कष्टाचे झाले. मालमोटारींच्या चालकांना हा त्रास विशेष होत असे. पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागात काम केलेले अमेरिकन अभियंते फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस (१८८७–१९७८) यांनी नोकरी सोडून या प्रश्नाचा स्वतंत्रपणे अभ्यास केला आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा सिद्ध केली. १९२६ मध्ये त्यांनी ती एका पिअर्स-ॲरो गाडीत बसवून तिचे प्रात्यक्षिक दाखविले. जनरल मोटर्स कंपनीने त्यांच्याशी करार केला, परंतु मंदीच्या काळात अपेक्षित विक्रीच्या मानाने उत्पादनखर्च फार होईल असे दिसल्याने १९३४ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बनविलेल्या चिलखती गाड्यांमध्ये या यंत्रणेचा उपयोग झाला आणि तिची उपयुक्तता निर्विवादपणे सिद्ध झाली. अखेर १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीत ‘हायड्रागाइड’ या नावाने ती विक्रीस आणली. त्या वेळी डेव्हिस यांच्या काही एकस्वांची (पेटंटांची) मुदत संपलेली होती आणि क्रायस्लरची यंत्रणा त्यांवरच आधारलेली होती. १९५२ मध्ये जनरल मोटर्सनेही आपल्या गाड्यांत ही सोय दिली. प्रात्यक्षिकापासून सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचण्यास शोधाला पंचवीस वर्षे लागली. यांत तांत्रिक अडचणीपेक्षा खर्चाची अडचणच मोठी होती.

वातानुकूलनाचा इतिहास : १९२८ मध्ये टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील प्रशीतके तयार केली. ती बिनविषारी व अज्वलनशील असल्याने माणसे बसलेल्या बंदिस्त गाडीत प्रशीतन यंत्र वापरणे शक्य झाले [→ प्रशीतन]. पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस १९४० सालच्या गाड्यांसाठी वातानुकूलनाची सोय जाहीर केली. तिची किंमत २७४ डॉलर होती. हवा थंड करणारे वेटोळे मागच्या बाजूस असून त्याने सामानाच्या कप्प्यातील बरीच जागा व्यापलेली असे. या यंत्रणेतील संपीडकास क्लच नव्हता. ती बंद ठेवायची असल्यास एंजिन थांबवून, बॉनेट उघडून संपीडकाचा पट्टा हातांनी काढून ठेवावा लागे. साहजिकच तिला फारसे ग्राहक मिळाले नाहीत आणि १९४१ नंतर ती बंद झाली.

महायुद्धानंतर १९५३ मध्ये क्रायस्लर व जनरल मोटर्स या कंपन्यांनी वातानुकूलित गाड्या पुन्हा विक्रीस आणल्या. खरी प्रगती मात्र १९५४ मध्ये नॅश कंपनीने केली. तिने तापक, वायुवीजन व शीतन यांची एकच यंत्रणा बनवून ती सर्व बॉनेटखाली व चालकापुढील फलकाच्या आत सामावली. ३४५ डॉलर किंमत व सु. ६० किग्रॅ. वजन असलेल्या या यंत्रणेत संपीडकाच्या कप्पीत विद्युत् चुंबकीय क्लच होता. नको तेव्हा कप्पी नुसतीच फिरत राही व एंजिनावरील भार नाहीसा होई. पट्टा न काढता यंत्र थांबविण्याची ही युक्ती आजही पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक संपीडकांत आढळते. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्या वातानुकूलित होत्या.

कार्यपद्धती : सुकाणूच्या पंपात बहुधा फिरत्या चकतीच्या खाचांत सरकणारी पाती असतात. सुकाणूचक्र वळविले की एक झडप उघडून तेल योग्य त्या बाजूस जाते आणि दट्ट्यावर दाब देऊन चाके वळण्यास मदत करते. हा दाब दर चौ. सेंमी.ला सु. ७० किग्रॅ.पर्यंत किंवा त्याहून अधिक चढू शकतो. गाडी सरळ जात असताना तेल कमी दाबाने फिरत राहते व शक्ती थोडीच खर्च होते. वातानुकूलनातील संपीडक प्रशीतक वायूचा दाब वाढवितो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या संघनकात तो वायू उष्णता देऊन द्रवरूप होतो व गाडीतील वेटोळ्यात पुन्हा वायुरूप होताना आतील हवेची उष्णता शोषून घेतो. मोठ्या गाडीतील संपीडकास ५ ते १० अश्वशक्ती लागू शकते.

दोन्ही यंत्रणा एकत्र आल्या की अडचण निर्माण होते ती एंजिन मंद गतीने चालत असताना. गर्दीच्या जागी गाडी उभी करताना चाके टोकापर्यंत वळविली जातात आणि त्याच वेळी तेलाचा दाब कमाल होतो. उन्हाळ्यात नेमका तेव्हाच संपीडकही पूर्ण भाराने चालत असतो. याउलट एंजिनाची शक्ती तेव्हा सर्वांत कमी असते, पंखा हळू फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचाही उपयोग होत नाही. पट्टा घसरून किंचाळणे, एंजिन बंद पडणे व पाणी उकळणे हे तिन्ही दोष एकाच क्षणी उद्भवतात. म्हणून वातानुकूलन चालू होताच एंजिनाची मंद गती थोडी वाढविणारी प्रयुक्ती, अधिक क्षमतेचा रेडिएटर आणि पंख्याभोवतीचे आच्छादन या गोष्टी चैनीच्या नसून आवश्यक ठरतात. जुन्या जनित्राऐवजी अल्टरनेटर बसविणेही बहुधा भाग पडते, कारण क्लच व हवेचा झोत देणारा पंखा यांना लागणारी वीज मंद गतीने फिरणारे जनित्र पुरवू शकत नाही.

जुन्या गाड्यांतील जोडणी : कारखान्यात दोन्ही सोयींसह तयार झालेल्या गाडीत कप्प्यांची संख्या, त्यांचे प्रतल व यंत्रांचे धारक (ब्रॅकेट) यांचा एकत्रित विचार झालेला असतो. एकच सोय असलेल्या गाडीत दुसरी बसविताना तो नव्याने करावा लागतो. शेव्हरोले कंपनीने १९५५ मध्ये आणलेले लहान व्ही-८ एंजिन हे याचे चांगले उदाहरण आहे. १९६९ मध्ये त्याच्या बहुतेक प्रकारांत पाण्याचा पंप लांब करण्यात आला व अल्टरनेटर डाव्या बाजूकडून उजव्या बाजूस नेण्यात आला. एंजिनाचा मूळ ठोकळा तोच असल्याने नव्या गाडीतील धारक जुन्या एंजिनावर कदाचित बसतात, परंतु कप्प्या एका प्रतलात येत नाहीत. पट्टा तिरपा धावतो, त्याच्या कडा झिजतात आणि शेवटी तो कप्पीवरून उडतो. तो सुकाणूच्या पंपाचा असेल, तर चाकांशी असलेला यांत्रिक सांधा कायम राहिल्याने गाडी वळते, पण सुकाणू अकस्मात अतिशय जड होते. वळणावर असलेल्या चालकास हा अनुभव धोकादायक ठरू शकतो. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही अवलंबून असल्यास एंजिन तापून निकामी होण्याची भीती असते.

यावरून जोडणीचे काही नियम सिद्ध झाले आहेत. पट्ट्यातील सर्व कप्प्या एका प्रतलात असाव्यात व पट्टा प्रत्येक कप्पीस पुरेसा वेढा देणारा असावा. धारक पुरेसे दृढ असावेत. एंजिनास दोन किंवा तीन ठिकाणी घट्ट न धरलेला संपीडक कंप पावून बोल्ट तोडतो. पूर्वी वापरात असलेले दोन सिलिंडरांचे उभे संपीडक जड असून त्यांचे धक्केही अधिक असत. त्यामानाने पुढे जपानमध्ये तयार झालेले पाच सिलिंडरांचे आटोपशीर संपीडक जुन्या गाड्यांत अधिक सोयीचे ठरले. तेलाच्या नळ्या तप्त निष्कास नळीपासून दूर ठेवाव्या लागतात, कारण दाबाखालील तेल तिच्यावर पडल्यास आग लागू शकते. तेलटाकीचे झाकण सहज उघडता येणे आणि पट्ट्याचा ताण इतर यंत्रे न काढता बदलता येणे याही गोष्टी पाहाव्या लागतात. अनेक स्वतंत्र पट्ट्यांऐवजी सर्व यंत्रांभोवती फिरणारा एकच नागमोडी पट्टा १९७९ मध्ये फोर्ड मस्टँग गाडीत आला. त्याने जागा वाचली, पण तो तुटल्यास सर्वच यंत्रे एकदम थांबतात.

लहान एंजिनाच्या गाडीत हे वाटप अधिकच कठीण असते. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० या इटालियन गाडीवरून तयार केलेल्या व पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या गाडीचे एंजिन १,०८९ घ. सेंमी.चे व सु. ४० अश्वशक्तीचे होते. गाडीचे वजन ९०० किग्रॅ.च्या आसपास असल्याने सुकाणूस शक्तीची जोड नसूनही ती मुंबईच्या गर्दीत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ वापरली गेली. अशा एंजिनावर ४ अश्वशक्ती घेणारा संपीडक बसविल्यास एकूण शक्तीचा दहावा हिस्सा खर्ची पडतो आणि मंद गतीस हे प्रमाण पुष्कळच वाढते. तेव्हा अशा गाडीत दोन्ही सोयींचा आग्रह धरण्यापूर्वी तिची खरी गरज कोणती, हे ठरविणे इष्ट असते.

प्रशीतकाचा प्रश्न : क्लोरोफ्ल्युओरोकार्बने वातावरणातील ओझोन थराचा नाश करतात असे दिसून आल्याने १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्यामुळे जुन्या गाड्यांतील आर-१२ या प्रशीतकाऐवजी प्रामुख्याने आर-१३४ए वापरात आले. केवळ वायू बदलून मात्र भागत नाही. जुने खनिज तेल नव्या प्रशीतकात मिसळत नसल्याने संपीडकातील तेल, सांध्यांतील रबरी कडी व बहुधा नळ्याही बदलाव्या लागतात. आर-१३४ए ओझोन थरास अपायकारक नसले, तरी ते प्रबळ हरितगृह वायू आहे व २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या वापरावरही मर्यादा आणल्या आहेत. जोडणी करताना कोणतेही प्रशीतक हवेत न सोडता यंत्राने काढून घेणे हाच योग्य मार्ग होय.

जतन व उपयोग : पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत अशा सोयी बसविणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद आहेत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तूरिनच्या सनदेत अशा वाहनांना सांस्कृतिक वारसा मानले आहे. आवश्यक ते फेरफार मूळ रचनेस शक्य तितका कमी धक्का लावणारे व पुन्हा काढून टाकता येण्यासारखे असावेत, असा तिचा रोख आहे. याच्या उलट बाजूस असे म्हणता येते की, जी गाडी वृद्ध मालकास वळविता येत नाही व उन्हाळ्यात बाहेर काढता येत नाही, ती हळूहळू गंजत जाते. यांतील व्यवहार्य मध्यममार्ग असा की, मूळ बोल्टच्या छिद्रांवरच बसणारे धारक वापरावेत, पत्र्यास नवी छिद्रे पाडू नयेत आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा.

विद्युत् यंत्रणांमुळे या प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. १९८८ मध्ये सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत विद्युत् चलित्राचे साहाय्य असलेले सुकाणू आले. त्यास तेल, पंप वा पट्टा लागत नाही. टोयोटा प्रायस गाडीच्या दुसऱ्या पिढीत (२००३) संपीडकही विजेवर चालू लागला. चालकाच्या हाताखालील दांड्यावर विद्युत् साहाय्य बसवून एंजिनापुढील जागा वातानुकूलनासाठी मोकळी ठेवण्याची पद्धत जुन्या गाड्यांतही रूढ झाली आहे. तथापि ही वीजही अखेर एंजिनाकडूनच मिळवावी लागते. भार पट्ट्यावरून अल्टरनेटरवर गेला, तरी त्याचा हिशेब एंजिनालाच द्यावा लागतो.