आलिशान मोटारीची नाडीपरीक्षा

माजलगावहून गढीच्या दिशेने निघालेली आलिशान डिझेल मोटार एकाएकी ओढ गमावते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढत नाही. गाडी कडेला घेऊन पुन्हा सेल्फ मारावा, तर इंजिन फिरते. पण सुरू मात्र होत नाही. अशा वेळी मोबाइलला जोडलेला स्वस्तातला स्कॅनर ‘रेल प्रेशर सेन्सर’ असे शब्द दाखवतो आणि मालकाला वाटते, की रोगाचे निदान झाले. वस्तुत: तपासणीची ती केवळ सुरुवात असते.

सिंदफणेवरील धरणामुळे माजलगावच्या परिसरात ऊस आला, साखर कारखाने आले आणि त्यापाठोपाठ मोटारीही आल्या. आलिशान गाड्यांची मराठवाड्याची हौस तर २०१० मध्येच देशभर गाजली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन तब्बल १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या होत्या. आज अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, तालुक्याच्या गावीही दिसतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी मात्र छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. गाडी टोचन करून शंभराहून अधिक किलोमीटर न्यायची, की गावातल्याच गॅरेजात काम उरकायचे, हा प्रश्न त्यामुळे खर्चाचा ठरतो. आणि पुढे पाहू त्याप्रमाणे, सुरक्षिततेचाही.

सेन्सर करतो काय?

जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक इंजेक्टरला स्वतंत्रपणे इंधन पुरवीत असे. ‘कॉमन रेल’ पद्धतीत उच्च दाबाचा पंप एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, इंधन दाबून भरतो आणि सारे इंजेक्टर तेथूनच आपला वाटा घेतात. प्रवासी मोटारींत ही पद्धत १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ आणि मर्सिडीज-बेंझ सी-क्लास या गाड्यांतून आली. पहिल्या पिढीत रेलमधील दाब कमाल १,३५० बारपर्यंत असे. पुढे तो १,६००, १,८०० आणि २,००० बारच्याही वर गेला. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो. म्हणजे १,८०० बारचा दाब त्याच्या सुमारे आठशे पट झाला.

हा दाब क्षणोक्षणी मोजण्याचे काम रेलवर बसविलेला बोटभर लांबीचा सेन्सर करतो. त्याच्या आत पोलादाचा पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो, त्यावरील सूक्ष्म विद्युतपथाचा रोध बदलतो आणि त्या बदलाचे रूपांतर व्होल्टेजमध्ये होते. सामान्यत: सेन्सरला तीन तारा असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि संकेत. दाब शून्य असताना संकेत सुमारे अर्धा व्होल्ट, तर कमाल दाबाला साडेचार व्होल्ट असतो. १,८०० बार क्षमतेच्या सेन्सरमध्ये अशा हिशेबाने प्रत्येक व्होल्टमागे ४५० बार पडतात. इंजिन शांत गतीवर चालू असताना १.२ व्होल्ट मिळाले, तर दाब सुमारे ३१५ बार आहे, असे समजावे.

दोष सेन्सरचा की इंधनाचा?

स्कॅनरवरील सांकेतिक क्रमांक नीट वाचले, तर अनाठायी खर्च टळू शकतो. पी ०१९० ते पी ०१९३ हे क्रमांक सेन्सर, त्याची वायरिंग किंवा त्याचे संकेत यांच्याकडे बोट दाखवतात. पी ००८७ याचा अर्थ मात्र वेगळा आहे : रेलमध्ये पुरेसा दाबच तयार होत नाही. तेथे सेन्सर खरे बोलत असण्याचीच शक्यता अधिक असते. चोंदलेला डिझेल फिल्टर, डिझेलमधील पाणी, गळके इंजेक्टर, दाब-नियंत्रक झडप किंवा झिजलेला पंप यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. ताप दाखविला म्हणून थर्मामीटर बदलण्यात अर्थ नसतो.

ग्रामीण भागात डिझेल कॅनमध्ये साठविण्याची पद्धत आहे. त्यात शिरणारे पाणी व धूळ या यंत्रणेचे शत्रू आहेत. रॉकेलची भेसळ त्याहून घातक. कारण उच्च दाबाच्या पंपाला डिझेलच वंगण पुरविते. वंगण कमी पडले की पंप झिजतो आणि धातूचा कीस रेल व इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. फिल्टरमध्ये असा चमकणारा कीस आढळला, तर सेन्सर बदलून काहीही साधत नाही; पंपापासून इंजेक्टरपर्यंतची सारी यंत्रणा तपासावी लागते.

एक साधी चाचणी घरच्या अंगणातही करता येते. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून स्कॅनरवर रेलचा दाब पाहावा. तो शून्याच्या जवळपास हवा. थंड, बंद इंजिनात शेकडो बार दिसत असतील, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयास्पद आहे. पुढची पायरी कनेक्टर काढून मल्टिमीटरने पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ तपासण्याची. पुरवठाच नसेल, तर नवा सेन्सरही मुकाच राहील. उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि ओलाव्याने गंजलेल्या पिना ही कारणेही विसरू नयेत.

बदलण्याची रीत

निदान पक्के झाल्यावरच पाना हाती घ्यावा. इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे आणि दाब उतरण्यासाठी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. येथे एक फसगत होते. स्कॅनर शून्य दाब दाखवतो म्हणून काही मेकॅनिक लगेच पाना लावतात. पण ज्या सेन्सरवर संशय आहे, त्याच्याच साक्षीवर विसंबण्यात शहाणपण नाही. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. सेन्सरभोवतीची जागा स्वच्छ पुसावी. धुळीचा एक कणही इंजेक्टर निकामी करू शकतो. नेमक्या मापाच्या पान्याने सेन्सर कापडाआडून सावकाश सैल करावा. उघडे छिद्र लगेच स्वच्छ टोपणाने झाकावे.

नवा सेन्सर गाडीच्या चासी क्रमांकानुसारच मागवावा. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन सेन्सर वेगवेगळ्या कमाल दाबासाठी असू शकतात आणि चुकीच्या सेन्सरचे आकडे संगणकाची दिशाभूल करतात. काही उत्पादक तर सेन्सर सुटा न देता संपूर्ण रेलच बदलावयास सांगतात. सेन्सर आधी हाताने आटे बसवून, मग पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क रेंचने आवळावा. ‘अंदाजाने घट्ट’ येथे चालत नाही : कमी आवळला तर गळती, जास्त आवळला तर आटे जातात. शेवटी दोष-नोंदी पुसाव्यात. काही गाड्यांत नव्या सेन्सरची ओळख स्कॅनरने इंजिनाच्या संगणकाला करून द्यावी लागते.

सुईएवढी जखम, हाताएवढी किंमत

गळती शोधताना चालू इंजिनाच्या नळीवरून बोट फिरविण्याची सवय जीवघेणी ठरू शकते. शेकडो बार दाबाची डिझेलची अदृश्य धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र इंधन स्नायूंच्या पदरांत पसरून ऊतींचा नाश करू लागते. उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागू शकतो. म्हणून गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी, तीही चष्मा घालून आणि दूर राहून. अशी जखम झालीच, तर पट्टी बांधून सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे आणि ‘उच्च दाबाचे डिझेल आत शिरले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पुस्तिका, योग्य स्कॅनर, टॉर्क रेंच आणि दाब उतरेपर्यंत थांबण्याचा संयम या चार गोष्टी ज्या गॅरेजात आहेत, तेथे हे काम माजलगावातही होऊ शकते. यांपैकी एकही नसेल, तर टोचनचा खर्चच स्वस्त पडेल.