मालेची भिंत आणि दारिद्र्याचा हिशेब

एखादें राष्ट्र गरीब कीं संपन्न, हें जग बहुधा त्याच्या दरडोई उत्पन्नावरून ठरवितें. लहान द्वीपराष्ट्रांच्या बाबतींत हा हिशेब किती अपुरा पडतो, याची साक्ष मालदीवच्या गेल्या सुमारें चाळीस वर्षांच्या इतिहासांत मिळते.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरांतील सुमारें १,२०० प्रवाळबेटें. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर. एप्रिल १९८७ मध्यें दूर दक्षिणेकडे उठलेल्या लाटा राजधानी माले येथें शिरल्या आणि भर घालून मिळविलेली जमीन त्यांनीं खचविली. या अनर्थांत माणसाचाहि वांटा होता. ज्या प्रवाळी खडकावर लाट आपला जोर खर्ची घालीत असे, त्याच्यावरच भर टाकून शहर वाढविलें होतें. शिवाय घरांसाठीं प्रवाळाचेच दगड खणून काढले होते. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढें वाढत्या समुद्राचें गाऱ्हाणें मांडलें.

निसर्गाचा बांध गेल्यावर काँक्रीटचा बांध घालणें भाग होतें. परंतु त्याचा खर्च त्या लहानशा राज्याच्या आंवाक्याबाहेरचा. जपाननें कर्ज न देतां अनुदान दिलें, आणि २००२ पर्यंत मालेभोंवतीं भिंत उभी राहिली.

यापुढील दोन तारखा वाचकांनीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. २० डिसेंबर २००४ रोजीं आमसभेनें मालदीवला अत्यल्पविकसित राष्ट्रांच्या यादींतून वर काढण्याचें ठरविलें. उत्पन्न आणि लोकांचें आरोग्य-शिक्षण या दोन कसोट्या त्यानें पार केल्या होत्या. संकटें सोसण्याच्या शक्तीची तिसरी कसोटी मात्र पार झाली नव्हती. पण नियमाप्रमाणें दोन पुरत होत्या. सहाच दिवसांनीं, २६ डिसेंबरला, त्सुनामी आली. ऐंशींहून अधिक माणसें मेलीं, आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारें ६२ टक्के भरलें.

मालेंत पाणी शिरलें, तरी भिंतीनें लाटेचा जोर मोडला. भिंत नसलेल्या कांधोलुधू बेटावरील लोकांना मात्र गांव कायमचें सोडावें लागलें. त्यांचें नवें गांव रेडक्रॉसनें धुवाफारू या दुसऱ्या बेटावर वसविलें. एकाच राष्ट्रांत, एकाच दिवशीं, पैसा पोंचलेलें बेट आणि न पोंचलेलें बेट यांतील अंतर असें दिसून आलें.

कोणी म्हणेल, परदेशी प्रवाशांच्या आलिशान विश्रामगृहांवर पैसा मिळविणाऱ्या देशानें हात कां पसरावा? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु तें उत्पन्नहि त्याच वीतभर उंचीच्या वाळूवर उभें आहे. लाट येते तेव्हां घर आणि कमाई दोन्ही एकदम जातात. शिवाय ज्या धुरानें समुद्र चढत आहे, त्यांत या बेटांचा वांटा नगण्य आहे. अशांना भिंतीसाठीं कर्ज देणें म्हणजे दुसऱ्यानें केलेल्या नुकसानीचें व्याज त्यांच्याकडून घेणें होय.

त्सुनामीमुळें यादींतून वर काढण्याचा निर्णय लांबला, आणि १ जानेवारी २०११ पासून अमलांत आला. त्याच वर्षीं जपानवर त्सुनामी कोसळली, तेव्हां मालदीवनें डबाबंद मासे मदत म्हणून पाठविले. उपकाराची जाण ठेवणाऱ्या या लोकांना भिक्षेकरी म्हणणें आम्हांस साफ अमान्य आहे.

ऑगस्ट २०२४ मध्यें आमसभेनें राष्ट्रांची संकटप्रवणता मोजणारा नवा निर्देशांक स्वीकारला. हिशेबांतील जुनी चूक जगानें मान्य केली, एवढें त्यावरून खास दिसतें. पण त्याचा उपयोग करणें न करणें देणाऱ्यांच्या मर्जीवर सोडलें आहे. मदत देतांना राष्ट्रानें वर्षांत किती मिळविलें एवढेंच विचारून भागत नाहीं. एका दिवसांत तें किती गमावूं शकतें, हेंहि विचारलें पाहिजे. कांधोलुधूच्या ओस पडलेल्या किनाऱ्यावर हा दुसरा प्रश्न कोणी वेळीं विचारला नव्हता.