मातेच्या नात्याने नागरिकत्व

आमच्या ज्ञातीच्या वंशावळींत पुत्राचा वंश विस्तारतो. कन्येचा वेल मात्र विवाहापाशीच खुंटतो. कायद्याचा इतिहासही काहीसा असाच आहे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने भारतात अधिवास असणाऱ्यास माता किंवा पिता यांपैकी एकाचा येथील जन्म नागरिकत्वासाठी पुरेसा मानला. परंतु १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने परदेशी जन्मलेल्या अपत्यास वंशाधिकार दिला, तो केवळ पित्याकडून! मातेचा अधिकार मान्य होण्यास १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंद आवश्यक झाली. विलंब झाल्यास केंद्र सरकारची अनुमती लागते. परदेशस्थ ज्ञातिभगिनींनी हे ध्यानी ठेवावे. कायद्याने जे मानले, ते आमच्या वंशावळींनीही आता मानावे, हीच आमची नम्र विनंती.