माउली निघाले

आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्ता कल्याण-नगर रस्त्याला छेदतो. तिथून जवळच जुन्नर तालुक्यातलं आळे गाव आणि रेड्याची समाधी. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्यानं नेवाशाहून आळंदीला जाताना इथे देह ठेवला, ही इथली श्रद्धा. चैत्र वद्य एकादशीच्या यात्रेत ज्ञानदेवांचं पूर्ण नाव फारसं कानी पडत नाही. पडतो तो एकच शब्द, 'माउली'.

संस्कृत 'मातृ'मधला 'त' प्राकृतात गळाला आणि 'माउ' उरलं. जीर्णनगराचं जुन्नर झालं असं मानतात, त्या वाटेवर 'नगर'मधला 'ग' असाच गळाला. आपली 'मावशी'ही याच घरातली: मातृष्वसा, माउसिआ, मावशी. 'माउ'ला 'सानुली', 'धाकुली'त आहे तो लाडाचा 'ली' लागला. म्हणजे माउली ही नुसती आई नाही, लाडानं हाक मारलेली आई आहे.

पण वारकरी सहज म्हणून जातो, "माउली निघाले". शब्द स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी आदरार्थी! व्याकरणाला इथे कुणी दुखावलंय असं मला कधीच वाटलं नाही. शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी गुरूच्या कृपादृष्टीला आईच्या रूपात आळवलंय. ती दूध पाजते, झोपाळ्यात जोजवते. गुरूला दिलेलं ते रूप लोकांनी त्यांनाच परत दिलं.

तत्त्वज्ञ कशाच्या नावानं ओळखला जातो, हेही पाहण्यासारखं. मध्ययुगीन जॉर्जियाचा तत्त्वज्ञ इओआने पेट्रित्सी घ्या. प्रोक्लसचा ग्रंथ जॉर्जियन भाषेत आणून त्यावर भाष्य करणारा हा पंडित पेट्रित्सोनी मठाच्या नावानं ओळखला जातो. आपल्या तत्त्वज्ञाला ओळख मिळाली ती नात्याची. आणि हे नातं त्यांच्यापाशी थांबलंही नाही. 'अमृतानुभवा'त ज्ञानदेव जगाला खोटा भास म्हणत नाहीत, चैतन्याचा विलास म्हणतात. तो ग्रंथ कधी हाती न धरलेली माणसंही वारीत भेटेल त्याला माउली म्हणतात. लहान पोराला, पोलिसाला, पाणी वाटणाऱ्याला. सगळ्यांत एकच चैतन्य, हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं संबोधन मला तरी ठाऊक नाही.

आळ्याला दर्शनाच्या रांगेत मी रेंगाळलो, तेव्हा मागच्या आजींनी माझ्या पाठीला हात लावला. "माउली, सरा की पुढं."